पाच नंबर कोणाचा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गुहागरला गेले, ती आंबे खायला, आईच्या हातचं आयतं जेवायला आणि दुपारी आगरात चटई टाकून लोळायला. चार दिवसांची रजा होती. त्यातले तीन दिवस मी माजघरात, उघड्या कॅबिनेटसमोर मांडी ठोकून, दातांत स्क्रू धरून काढले. चटई आईने दुसऱ्याच दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकली.

निमित्त झालं झाडांच्या यादीचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९९ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला. आमच्या पाटातला, म्हणजे वस्तीतला, तो पहिला की दुसरा, यावर अजून एकमत नाही. पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी आगराचा सगळा लेखाजोखा त्यात ठेवला. कुठल्या ओळीतली पोफळ कधी लावली, कुठल्या माडाला भुंगा लागला, मे महिन्यात विहिरीला किती पाणी राहिलं, सगळं. आता ते ८४ वर्षांचे आहेत. पावसाच्या तोंडावर नवी रोपं लावायची, तर जुन्यातली कुठली म्हातारी झाली हे बघायला ती यादी हवी होती. "त्या डब्यात आहे," एवढं म्हणून ते झोपाळ्यावर जाऊन बसले.

तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्क काढायची, लॅपटॉपला जोडायची, झालं. ते मी दिवाळीतच करून बसले होते. फाइली उतरल्या, पण उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि तिरक्या रेघांचा नुसता भुगा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकच ठरलेली मांडणी, घरोघरी पोचायच्या आधीचं ते सॉफ्टवेअर. अक्षरं मांडायची त्याची रीत वेगळी, फाइल बांधायचीही वेगळी. शिवाय ते चालायला कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टात, काडेपेटीएवढा एक ठोकळा खोचावा लागे. त्याला सगळे 'लॉक' म्हणत. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर दार उघडत नाही. तेव्हा यादी वाचायची, तर तोच डबा, तेच लॉक आणि तेच विंडोज ९८.

माझा बेत साधा होता. मशीन चालू करायचं, पानं उघडायची, त्यांची चित्रं करून माझ्या लॅपटॉपवर आणायची. फ्लॉपीत मावतं १.४४ एमबी, त्यात एक चित्रही धड बसलं नसतं. विंडोज ९८ पेनड्राइव्हला आपणहून ओळख देत नाही, त्याचा ड्रायव्हर कुठून तरी पैदा करावा लागतो. म्हणून पुण्याहून येताना ऑफिसच्या भंगारातलं एक पीसीआय लॅन कार्ड, म्हणजे दोन मशीन तारेने जोडायचं कार्ड, पर्समध्ये टाकून आणलं होतं. मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. पोटापाण्याचा धंदाच हा, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम आहे असं आईला सांगून बसले.

झाकण काढलं तर आत पालीची दोन अंडी, वाळून कागदासारखी झालेली. खारी हवा लोखंडाला कशी खाते ते कॅबिनेटच्या स्क्रूंवर बघावं. फिरवायला गेलं की डोकी भुगा होऊन बोटांना लागत होती. ब्रशने धूळ काढली, मोकळ्या स्लॉटमध्ये लॅन कार्ड दाबलं, बटण दाबलं. काचेच्या जुन्या मॉनिटरला जाग यायला वेळ लागतो. आली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी कुरकुर होती, आणि पुढे जायला एफ१ दाबा. दाबलं. तारीख मागच्या शतकातली दाखवत होता, ती नीट केली. ढगांचं निळं चित्र आलं. मग विंडोज सुरू होतानाचं ते ओळखीचं संगीत लागलं, पहिला स्वर निघाला आणि तिथेच अडकला. ट्ट-ट्ट-ट्ट-ट्ट-ट्ट. तबकडीवर पिन अडकावी तसं. माउसचा बाण जागच्या जागी थिजलेला. कीबोर्डवर काहीही दाबा, ढिम्म. शेवटी आईच स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, त्याचा गळा दाब!"

मी प्लग ओढला.

हा जो अडकलेला स्वर आहे ना, त्यानेच खरं तर पहिल्या मिनिटाला दुखणं सांगितलं होतं. साउंड कार्ड प्रोसेसरला प्रत्येक कणासाठी त्रास देत नाही. मेमरीतला एक लहानसा तुकडा ते डीएमए नावाच्या परस्पर वाटेने वाचत राहतं, आणि तुकडा संपला की प्रोसेसरला हाक मारतं, की हा झाला, पुढचा भर. हाक पोचलीच नाही तर पुढचा तुकडा येत नाही, आणि कार्ड बिचारं तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. ट्ट-ट्ट-ट्ट म्हणजे हाक वाया गेली.

या हाकेला कॉम्प्युटरच्या भाषेत इंटरप्ट म्हणतात, आणि ती ज्या तारेवरून जाते तिला आयआरक्यू. आमच्याकडे बेड्याला, म्हणजे आवाराच्या फाटकाला, बेल नसते. आलेला माणूस बेड्यापाशी उभा राहून "आहे का कोणी?" म्हणतो. प्रोसेसर हा घरातल्या एकट्या बाईसारखा, चुलीपाशी कामात असतो. हाक आली की हातातलं जिथल्या तिथे ठेवून बाहेर येतो, काम भागवतो आणि परत चुलीकडे. मात्र कोणत्या बेड्यावरून हाक आली हे त्याला नंबरावरून कळतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत असे आठ नंबर होते. १९८४ च्या एटीमध्ये हाका ऐकणारी दुसरी चिप बसवली आणि ते सोळा झाले. पण दुसरी चिप पहिलीला जोडायलाच एक नंबर खर्ची पडला, म्हणजे हातात पंधरा. शून्य घड्याळाचा, डॉसच्या काळात ते सेकंदाला साधारण १८ वेळा हाक मारायचं. एक कीबोर्डचा. तीन आणि चार सिरीयल पोर्टचे, सहा फ्लॉपीचा, सात प्रिंटरचा, आठ तारीखवेळेच्या घड्याळाचा, बारा नव्या पद्धतीच्या माउसचा, तेरा गणिताच्या चिपचा, चौदा-पंधरा डिस्कांचे. पाच ठेवला होता दुसऱ्या प्रिंटरसाठी. घरात दोन प्रिंटर कोण ठेवतो? तेव्हा ती पडीक जागा बघून बहुतेक साउंड कार्डांनी पाचवर बस्तान मांडलं आणि पुढे ती वहिवाटच झाली. उरले नऊ, दहा, अकरा. त्यांच्यावर बाकी सगळ्यांचा डोळा.

अशा वेळी एक-एक करून कार्डं उपटायची आणि कोण गेल्यावर शांतता होते ते बघायचं, ही जुनी रीत. साउंड कार्ड उपटलं आणि मशीन तक्रार न करता चालू झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबरांची यादी काढली. पाचवर आमचं लॅन कार्ड ऐसपैस बसलं होतं.

इथे मला टेबलाच्या खणातली वही आठवली. शंभर पानी, शाळेच्या शिक्क्याची. अण्णांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं:

"१ कळफलक. ३ फोन (मूळ धनी बंद केला). ४ उंदीर. ५ गाणं. ६ फ्लॉपी. ७ छपाई, ३७८, साधी. १४ तबकडी."

'मूळ धनी बंद केला' हे वाचून मला हसू फुटलं. त्याची गोष्ट अशी. २००० साली त्यांनी इंटरनेटसाठी मोडेम बसवला. फोन लावायला गेलं, की आतून ती कर्कश शीळ यायची आणि त्याच क्षणी माउस मरायचा. फोन ठेवला की उंदीर जिवंत. माउस होता पहिल्या सिरीयल पोर्टवर, मोडेम आला होता तिसरा पोर्ट म्हणून, आणि पहिल्या-तिसऱ्याचा नंबर एकच, चार. दुसऱ्या-चौथ्याचा तीन. चार पोर्ट आणि दोन नंबर, ही वाटणीच मुळात भांडणं लावणारी. अण्णांनी मुंबईच्या दुकानदाराला एक कार्ड टाकलं. एकच. उत्तर आलं नाही. आमच्याकडे फोन होता, दुकानदाराचा नंबर बिलावर होता. पण अण्णा दुसऱ्यांदा विचारणाऱ्यातले नव्हेत. ते इंग्रजी पुस्तिका आणि शब्दकोश घेऊन आठ दिवस बसले. मोडेमवरचे मुगाएवढे जंपर, म्हणजे नंबर ठरवणाऱ्या टोप्या, चिमट्याने हलवून त्याला दुसरा पोर्ट बनवलं आणि मदरबोर्डचा स्वतःचा दुसरा पोर्ट बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाऊन बंद केला. मूळ धनी बंद.

तर पाच नंबर गाण्याचा, हे वहीत लिहिलेलं. लॅन कार्डाला तो दिला कोणी? बायॉसने. आणि बायॉसचा तरी काय दोष? विंडोज ९५ च्या सुमाराला प्लग अँड प्ले आलं. नव्या कार्डांना सुरुवातीलाच विचारलं जातं, तुला काय काय लागेल, आणि त्याप्रमाणे वाटप होतं. पण अण्णांचं साउंड कार्ड त्याही आधीचं, लॅमिंग्टन रोडवरून जुनं घेतलेलं, जंपरवालं. जंपर पाचवर लावला की ते पाचवर. 'मी इथे बसलोय' हे सांगायला त्याला तोंडच नाही. बायॉसने पाहिलं, नऊ विजेची बचत बघणाऱ्या यंत्रणेकडे, दहा-अकरा ग्राफिक कार्ड आणि यूएसबीकडे, पाचवरून कोणी बोललं नाही. दिलं नव्या पाहुण्याला. बिनबोलणाऱ्याची जागा सातबारावर नाव नसलेल्या कुळासारखी. कसतोय तोच, पण कागदावर जमीन पडीक.

यावर उपाय बायॉसमध्येच असतो. पाच नंबर जुन्या कार्डासाठी राखीव ठेव, असं तिथे सांगता येतं. सांगितलं, जतन केलं, साउंड कार्ड परत खोचलं. संगीत अथपासून इतिपर्यंत वाजलं. लॅन कार्ड मुकाट्याने दहावर जाऊन ग्राफिक कार्डाशेजारी बसलं आणि दोघंही सुखाने नांदली. दिवेलागण झाली होती. बाकीचं उद्या, असं म्हणून मी उठले.

जरा थांबून एक प्रश्न. दहावर दोघं नांदतात, मग पाचवर का नाही? मला हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण त्या संध्याकाळी पायरीवर बसून फणसाचे गरे खाताना ते पहिल्यांदा नीट दिसलं. जुन्या आयएसए जातीच्या स्लॉटमधलं कार्ड, जसं अण्णांचं साउंड कार्ड, हाक मारतं ती एकदा. तारेवरची पातळी खालून वर गेली, तो क्षण म्हणजे हाक. ऐकणारी चिप त्या चढाची नोंद घेते. त्याच तारेवर दुसऱ्या कोणी आधीच हात वर धरून ठेवलेला असेल, तर तार आधीच वर आहे. तुमचा हात वर गेला तरी चढ उमटतच नाही. तुम्ही हाक मारली, पण मारली असं कुठे लागलंच नाही. पीसीआय या नंतरच्या जातीची, म्हणजे माझ्या लॅन कार्डाची, रीत वेगळी. तिथे हाक म्हणजे बेड्यापाशी उभं राहणं. काम होईपर्यंत तार धरून ठेवायची. प्रोसेसर बाहेर येतो, एकाचं भागवतो, पाहतो तर तार अजून ओढलेलीच, म्हणजे आणखी कोणी आहे, मग त्याचं. असे चार जण एका नंबरावर राहिले तरी कोणाचं काम राहत नाही. अलीकडच्या मशीनमध्ये तर तारही नाही. कार्ड मेमरीत एका ठरल्या जागी चिठ्ठी टाकतं. माझ्या सर्व्हरवर नंबरांसाठी भांडण झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

आमच्या घरात दोन्ही जातीची माणसं आहेत. आई पीसीआय. जेवायला चला म्हणून ती माजघराच्या दारात येते आणि उभी राहते. बोलत नाही, ओरडत नाही, पदराला हात पुसत नुसती उभी. तुम्ही उठेपर्यंत ती दारातून हलत नाही. तलाठी, लाइनमन, रेशन दुकानदार, सगळ्यांना तिने असंच उभं राहून जिंकलेलं आहे. अण्णा आयएसए. एकदा, खालच्या आवाजात, तोंड भलतीकडे करून सांगतील. ऐकलंत तर ऐकलंत. शाळेत म्हणे पोरं त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी बसायची. ती दहशत नव्हती. एकदा चुकलेलं वाक्य पुन्हा मिळायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं. ट्ट-ट्ट-ट्ट-ट्ट.

माझा विश्वासच बसेना. काल चाललेलं आज का नाही? इथून पुढे माझ्या अकलेचं जे प्रदर्शन झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. आधी मी हवेला दोष दिला. कार्डांच्या सोनेरी कडा खाऱ्या दमट हवेने काळवंडल्या होत्या, त्या खोडरबराने घासघासून लखलखीत केल्या. (हा उपाय खरा आहे. रबर मऊ घ्यावं, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नये.) काही फरक नाही. मग मी पलीकडच्या काकांच्या मोटरला दोष दिला. आमची विहीर दोन घरांत सामाईक. मेअखेर पाणी तळाला जातं आणि पाळ्या अवघड होतात. त्यांची मोटर सुरू झाली की आमच्या माजघरातला बल्ब निखाऱ्यासारखा होतो आणि कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होतो. हे मी दोनदा पाहिलं आणि मनाशी ठरवूनच टाकलं, की दाब पडल्यामुळे आत काहीतरी बिघडतंय. आईला म्हणाले, "त्यांच्या मोटरमुळे होतंय सगळं." आई म्हणाली, "घरात काही बिघडलं की या गावात दोष पलीकडच्याचाच. तूही तेच शिकलीस होय?"

तरी बायॉसमध्ये जाऊन बघावं म्हणून गेले, तर पाच नंबर पुन्हा मोकळा. काल राखीव ठेवलेला, आज वाऱ्यावर. मूळ धनीही परत जागा झालेला. मला वाटलं जतन करायला चुकले असेन. पुन्हा सगळं लावलं, दोनदा तपासलं. मशीन दिवसभर सुरळीत चाललं, काकांची मोटर लागून चार वेळा बंद-चालू झालं तरी सेटिंग जागचं हललं नाही. म्हणजे मोटर निर्दोष. लॉक मात्र सापडत नव्हतं. सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा म्हणायचं, लॉक लावा. लावलेलंच होतं. वहीतल्या 'साधी' या शब्दाकडे माझं लक्ष रात्री गेलं. प्रिंटरचा पोर्ट बायॉसमध्ये वेगवान पद्धतीवर होता, आणि त्या जुन्या ठोकळ्याला ती मानवत नव्हती. अण्णांनी साध्या पद्धतीवर ठेवला होता. उद्या करू म्हटलं.

त्या रात्रीही वळवाचे ढग आले. खाडीच्या अंगाला विजा लवत होत्या. मी ओटीवर पडले होते, झोप नव्हती. आई उठली. तिची वर्षानुवर्षांची सवय, विजा दिसल्या की घरभर फिरून एकेक प्लग काढायचा. टीव्हीचा, मिक्सरचा, मोबाइलच्या चार्जरचा. मग माजघरात गेली आणि तिथून आवाज आला. खट.

मी ताडकन उठून बसले.

बायॉसमधली सेटिंग एका चिमुकल्या चिपवर राहतात. बोर्डाला प्लगमधून वीज मिळत असेल, अगदी मशीन बंद असतानाही, तर ती टिकतात. प्लग काढल्यावर ती जगतात ती बोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलवर, सीआर२०३२, तीन व्होल्ट. सेल मेला असेल, तर प्लग निघाला की सगळं पुसलं जातं आणि चिप कारखान्यातून आली होती तशी कोरी होते. पहिल्या दिवसापासून दर सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हेच येत होतं, चेकसम (जतन केलेल्याची पडताळणी) चुकतोय, मूळची सेटिंग भरली आहेत. तारीख मागच्या शतकातली दाखवत होतं तेही त्यामुळेच. आणि मी, सर्व्हर सांभाळणारी बाई, दर सकाळी एफ१ दाबून पुढे जात होते. अण्णांनी केलेल्या वाटण्या, राखीव पाच नंबर, बंद केलेला मूळ धनी, साधी छपाई, सगळं त्या एका सेलच्या जिवावर उभं होतं. तो कधीतरी बिनबोभाट संपला होता. तोवर मी नवं कार्ड आणून बसवलं नसतं, तर नंबराचं भांडण उठलंही नसतं.

सकाळी चहा घेऊन झोपाळ्यापाशी गेले. "अण्णा, सेल गेलाय."

"पहिल्या दिवशी म्हटलं होतं की."

"केव्हा?"

"झाकण काढत होतीस तेव्हा. म्हटलं, आधी सेल बघ."

झाकण काढत होते तेव्हा विहिरीवर आमची मोटर चालू होती, स्वयंपाकघरात आई खोबरं वाटत होती. "मग मला ऐकू आलं नाही हे दिसलं नाही का तुम्हाला? परत सांगायचं ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी व्याकरणात काही चुकीचं बोलले. "सांगितलं होतं," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

बाजारात घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. "कसला? गाडीच्या रिमोटचा?" त्याने विचारलं. म्हटलं, वडिलांच्या स्मरणशक्तीचा. त्याला कळलं नाही, त्याने चाळीस रुपये घेतले. जुना सेल काढताना खालच्या पितळी पट्टीवर हिरवट पांढरी कीट दिसली, ती टूथब्रशने काढली. नवा बसवताना लिहिलेली बाजू वर, आणि पट्टीने चट्ट असा आवाज केला पाहिजे. मग वही शेजारी उघडून ठेवली आणि अण्णांनी लिहिलं होतं तसं ओळीने लावत गेले. शेवटच्या पानावर, जे मी उलटलंच नव्हतं, तीन ओळी होत्या. "सेल नवा १९९९. बदलला २००४. बदलला २००९." पुढे जागा मोकळी. मी पेन्सिलीने चौथी ओळ लिहिली.

खरं तर साउंड कार्ड काढून टाकलं असतं तरी भागलं असतं. यादी वाचायला संगीत कशाला लागतं? नवऱ्याने फोनवर हेच विचारलं. मला नीट उत्तर देता आलं नाही. वहीत पाच नंबर गाण्याच्या नावावर होता.

लॉक सापडलं. सॉफ्टवेअर उघडलं. आणि पडद्यावर ती टोकदार, थोडी आखडलेली मराठी अक्षरं आली, आमच्या लहानपणी उत्सवाच्या पत्रिकांवर असायची तशी. यादी बोट ठेवून वाचावी इतकी नेटकी होती. "ओळ ३, पोफळ ७. लावली जुलै २००१. पाणी चुकलं, तरी धरली." "माड ११, गेंड्या भुंगा. शेंड्यात मीठ-वाळू घातली." विहिरीचं पान वेगळं होतं. दर मे महिन्यात पाणी किती हात. मी वाचत खाली गेले.

"१२ मे २००३. विहीर चार हात. पलीकडे विचारलं, पाळी बदलू या का. उत्तर नाही."

त्याच्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तसा प्रश्न नव्हता, त्याच्याही पुढच्या नव्हता. फक्त वेळ लिहिलेली. शिंपणं पहाटे ४. शिंपणं पहाटे ४. मला आठवतात तसे अण्णा कायम पहाटे चारला उठूनच शिंपण्याला जातात. आम्हाला वाटायचं त्यांना पहाट आवडते.

गडग्याच्या पलीकडे काका त्या वेळी काय करत होते, कोणास ठाऊक. मिक्सर चालू असेल. मोटर चालू असेल. नाही म्हणायला जीभ रेटली नसेल, हेही होऊ शकतं. मी त्यांची बाजू घ्यायला निघालेली नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी जाऊन उभी राहिले असते त्यांच्या मागल्या दारी."

संध्याकाळपर्यंत पानांची चित्रं लॅपटॉपवर आली. शेवटचं पान जात असताना पलीकडची मोटर लागली, बल्ब निखारा झाला, मॉनिटर टुपकन मिटला आणि पुन्हा उजाडला. संगीत पूर्ण वाजलं. तारीख बरोबर होती.

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. त्या आवाजात अण्णा आगराकडे तोंड करून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणालात?"

काही नाही. कड्या तेवढ्या वाजत राहिल्या. मी उठले, जाऊन झोपाळ्यासमोर उभी राहिले. पलीकडची मोटर चालूच होती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, परत आगराकडे पाहिलं. मी उभीच. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"चहा टाक म्हटलं."